पट्ट्याच्या बक्कलवरून पलटण कशी ओळखायची? चार नग आहेत, नीट पत्ता एकाचाही लागत नाहीये

घोड्याचा_नाल:

नमस्कार मंडळी. टोपीवरचे बॅज मी बरीच वर्षं जमवतोय, ते थोडेफार कळतात, पण पट्टे आणि बक्कल ह्या भागात अगदी कोरा आहे. एका जुन्या संग्राहकांनी छंद आवरता घेतला तेव्हा त्यांच्याकडून चार नग एकगठ्ठा घेतले. कागद वगैरे काही नाहीत, "सगळं ब्रिटिश आहे" एवढंच ते म्हणाले. फोटो चढतच नाहीयेत, साइज मोठा दाखवतंय, म्हणून लिहूनच सांगतो.

एक - पितळेचं दोन भागांचं बक्कल, बाहेर गोल कडं आणि त्यात बसणारी चकती. चकतीवर मुकुट आणि मुकुटावर उभा सिंह. कड्यावर रोमन अक्षरं, डी आय ई यू ने सुरू होतात आणि शेवटी डी आर ओ आय टी. नंबर नाही, पलटणीचं नाव नाही. पट्टा पांढऱ्या चामड्याचा आहे आणि त्यावरचा पांढरा थर हाताला लागतो.

दोन - तसंच दोन भागांचं पण काम खूप नाजूक, सोनेरी मुलामा. चकतीवर चांदीसारखा मुकुट आणि खाली ६६, कड्यावर बर्कशायर. पट्टा नाही, नुसतं बक्कल.

तीन - विणलेला रुंद पट्टा, लाल, मधे गडद निळी पट्टी आणि त्या निळ्यात पिवळी नागमोडी रेघ. पुढे बक्कल नाहीच, एका बाजूला चामड्याचे दोन छोटे बंद आहेत.

चार - जाडजूड लंबगोल पितळी बक्कल, घोडागाडीचं चित्र, मागे टिफनी न्यूयॉर्क असा शिक्का. हे तर ब्रिटिश पण वाटत नाही.

मला मुख्य म्हणजे पहिल्याची पलटण हवी आहे, पट्ट्यासकट असलेला तोच एक आहे आणि डिस्प्लेत खाली नाव लिहायचंय.

बक्कलवाले_काका:

पहिल्याची पलटण बक्कलवरून मिळणार नाही, कारण त्यावर ती कधी नव्हतीच. ते जनरल सर्व्हिस लॉकेट आहे (लॉकेट म्हणजे असं दोन भागांचं बक्कल), डी आय ई यू वगैरे म्हणजे राजघराण्याचं ब्रीदवाक्य, सिंह आणि मुकुट हे राजचिन्ह. साध्या शिपायांना सरसकट एकच नमुना मिळायचा, मग तो डेव्हनशायरचा असो की यॉर्कशायरचा. १८८८ च्या स्लेड-वॉलेस साजावर, म्हणजे शिपायाच्या पट्टे-पिशव्यांच्या संचावर, हेच दिसतं, पांढरं बफ चामडं आणि हे पितळी लॉकेट. लोक ह्याच्याखाली बिनधास्त एखाद्या नावाजलेल्या पलटणीचं नाव लिहून टाकतात कारण नुसतं "जनरल सर्व्हिस" लिहिलं की कोणी दोन मिनिटं थांबत नाही.

पलटण शोधायची असेल तर चामड्यात शोधा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, टोकाजवळ, ठसे असतात, पलटणीचं आखूड नाव, शिपायाचा नंबर, कधी साल. बाणासारखी खूण दिसली आणि तिच्या दोन बाजूंना डब्ल्यू आणि डी असेल तर ती सरकारी मालाची खूण, पलटणीची नाही, नवे लोक तिथेच फसतात. तोच बाण सी च्या पोटात असेल तर कॅनडा, दोन डी च्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया. आणि कृपा करून तो पांढरा थर धुवू नका, तो पाइपक्लेचा म्हणजे पांढऱ्या मातीचा किंवा ब्लँकोचा थर आहे, तोही त्या वस्तूचाच भाग आहे. ठसा थराखाली असला तरी त्याची खाच चामड्यात असते, दिवे बंद करा आणि टॉर्च एकदम आडवा धरून बघा, सावलीत अक्षरं उठतात.

तिसरा सोपा आहे, रॉयल आर्टिलरीचा स्टेबल बेल्ट. तबेल्यात काम करताना घालायचे म्हणून ते नाव, घोडदळातून आलेली पद्धत, पण आज आपण जे रंगीबेरंगी पट्टे बघतो ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरचे, १९५० च्या दशकापासून सगळ्याच पलटणींनी आपापले रंग ठरवून घेतले. लाल, निळा आणि पिवळी नागमोडी म्हणजे तोफखाना, ह्यात चुकायला जागा नाही. मरून रंगावर दोन गडद निळ्या रेघा म्हणजे इंजिनिअर, नुसता मरून म्हणजे पॅराशूट रेजिमेंट, आकाशी-निळा-हिरवा असे आडवे पट्टे म्हणजे सिग्नल्स. पुढे धातूचं बक्कल नसून बाजूला चामड्याचे बंद असणं हे पण नॉर्मल आहे, काहीतरी तुटलंय असं समजून त्यावर बक्कल बसवू नका, लोकांनी असे उद्योग केलेले आहेत.

दुसऱ्याबद्दल आत्ता काही बोलत नाही. त्याची पाठ बघा आणि सांगा. दोन्ही भागांच्या मागे बारीक आकडा किंवा खूण कोरलेली आहे का, पट्टा अडकवायच्या कड्या झाळून बसवलेल्या आहेत का एकाच ओतकामात आलेल्या आहेत, आणि चांदीचा ६६ वेगळा बसवलाय का त्याच पत्र्यातून उठवलाय. चौथ्याचं कोणीतरी सांगेलच, मला हसू आवरत नाहीये.

दोन_नळी:

चौथं मी सांगतो 😄 टिफनीचा शिक्का असलेली घोडागाडी, एक्सप्रेस कंपनी, रेल्वे, अमेरिकन यादवी युद्धाचे सैनिक असली जी जाड बक्कलं फिरतात ती १९६० च्या दशकाच्या शेवटापासूनची कल्पनारम्य वस्तू आहे, टिफनी ह्या न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्याने असलं काही केलेलंच नव्हतं. गंमत म्हणजे ती खरी वाटावीत म्हणून जुनं साल टाकून एक पुस्तकसुद्धा छापलं होतं, बक्कल दाखवा आणि पुस्तकातलं पान दाखवा की गिऱ्हाईक गार. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अभ्यासकांनी भांडं फोडलं पण माल अजून फिरतोय, आणि आता तो स्वतःच पन्नासेक वर्षांचा झाल्यामुळे बऱ्यापैकी जुनाट पण दिसतो. ठेवा, फेकू नका, पण मिलिटरीच्या कप्प्यात नको.

घोड्याचा_नाल:

चौथ्याचा निकाल लागला म्हणायचा 😑 पहिल्यावर टॉर्च आडवा मारून बघितला, बाण आणि डब्ल्यू डी दिसला, त्याखाली आकडे आहेत पण पुसट, एक अक्षरं-अक्षरं असा ठसा पण आहे, तो पुन्हा दिवसा बघतो.

दुसऱ्याची पाठ. चकतीच्या मागे १२ कोरलंय, हाताने कोरल्यासारखं. कड्याच्या मागे काहीच नाही. चकतीची पट्टा अडकवायची कडी वेगळी झाळलेली स्पष्ट दिसते, सांध्याला किंचित वेगळा रंग आहे. कड्याची मात्र एकसंध वाटते, सांधा सापडत नाही. ६६ आणि मुकुट वेगळे बसवलेत, मागे दोन टोकं दिसतात. अजून एक, कड्याच्या आतल्या गोलाईवर कानशीचे ओरखडे आहेत. चकती बसते पण घट्ट बसते.

बक्कलवाले_काका:

कानशीचे ओरखडे लिहिलंत हे फार बरं केलंत, त्यातच सगळं आहे.

१८५५ च्या आधी अधिकारी छातीवरच्या आडव्या पट्ट्यावर चौकोनी प्लेट लावायचे, त्या वर्षी नवा ट्युनिक कोट आला आणि बहुतेक पलटणींत ती प्लेट गेली (हायलँडच्या स्कॉटिश पलटणींनी ठेवली), त्यानंतर कमरेला हे दोन भागांचं गोल बक्कल आलं. मधे नंबर आणि कड्यावर जिल्ह्याचं नाव हा नमुना १८८१ पर्यंतचा. १ जुलै १८८१ ला नंबरांच्या पलटणी मोडून नावाच्या केल्या, त्यात ६६ वी आणि ४९ वी मिळून बर्कशायर रेजिमेंट झाली. म्हणजे वरवर बघता तुमच्या बक्कलचा काळ १८५५ ते १८८१ असा पक्का बसतो, आणि इथेच घात होतो, कारण काळ पक्का बसावा म्हणूनच नकला करणारे पण नंबरवाली पलटण उचलतात. त्यातून ६६ वी. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जी पलटण कापली गेली ती हीच, त्यामुळे ६६ आकड्याच्या कुठल्याही वस्तूमागे लोक वेडे असतात.

आता तुमच्या कड्याकडे या. असली कामं करताना कारागीर चकती आणि कडं एकमेकांना जुळवून घ्यायचे आणि दोघांच्या मागे एकच आकडा टाकायचे, म्हणजे मुलाम्याच्या वेळी ढिगात जोड्या हरवू नयेत. तुमच्या चकतीवर १२ आहे आणि कड्यावर काहीच नाही, म्हणजे ही जोडी मूळची नाही. एवढंच असतं तर म्हटलं असतं की दोन खऱ्या बक्कलांचे दोन अर्धे कोणीतरी एकत्र केले, ते सर्रास होतं आणि फार वाईट पण नाही. पण कडी एकसंध आहे, सांधा नाही, म्हणजे कडं ओतलेलं आहे. खऱ्या कड्याचा साचा घेऊन पितळ ओतलं की निवताना ते आकसतं, दीड टक्क्याच्या आसपास, आणि नुसता बाहेरचा घेर नाही तर आतलं भोकही लहान होतं. मग खरी चकती त्यात बसेना, म्हणून आतून कानस मारली.

चकती खरी वाटते, कडं नकली. नक्की करायचं तर भिंगातून कड्यावरची अक्षरं बघा. ठप्प्याने उठवलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि अक्षरांमधली जमीन स्वच्छ असते, ओतलेल्यात कडा वितळल्यासारख्या आणि मधे टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मुलामा पण बघा, जुना पाऱ्याचा मुलामा खोलगट भागात टिकतो आणि उंचवट्यावर झिजतो, कडं सगळीकडे सारखंच पिवळंधमक असेल तर प्रश्न मिटला.

रिसालदार_नातू:

मैवंदचा विषय निघालाच आहे म्हणून, तिथे ६६ व्या बरोबर मुंबई फौजेच्या दोन पायदळ पलटणी होत्या, १ ली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि ३० वी म्हणजे जेकब्ज रायफल्स. मैवंद म्हटलं की सगळे ६६ व्या पलटणीचंच बोलतात, ह्यांचं कोणी काढत नाही.

काका एक विचारायचं होतं, माझ्याकडे एक पट्ट्याची प्लेट आहे, त्यावर १०३ आणि मऱ्हाटा लाइट इन्फंट्री, मराठा नाही, इंग्रजीत एच घालून जुनं स्पेलिंग. हे किती जुनं?

बक्कलवाले_काका:

१९०३ ते १९२२ च्या मधलं. त्याआधी हीच पलटण ३ री बॉम्बे होती. हिंदी फौजेचा सरसेनापती किचनेरने १९०३ मधे सगळ्या हिंदी पायदळाचे नंबर एका माळेत ओवले तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात बहुतेक ठिकाणी शंभर मिळवले, म्हणून ३ ची १०३, ५ ची १०५, १० ची ११०, १७ ची ११७. मद्रासच्या आकड्यात साठ मिळवले. एवढं डोक्यात असलं की जुन्या नंबरावरून नवा आणि नव्यावरून जुना झटकन काढता येतो. मग १९२२ ला ह्या पलटणी एकत्र करून ५ वी मऱ्हाटा लाइट इन्फंट्री केली, १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, तेव्हापासून १०३ आकडा बंद. आकड्याशिवाय नुसतं मऱ्हाटा आणि वर मुकुट असेल तर अजून अलीकडचं. २६ जानेवारी १९५० नंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले.

त्याच्याही मागे जायचं तर नेटिव्ह हा शब्द बघा. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री असं लिहिलेलं असेल तर ते १८८५ च्या आधीचं, त्या वर्षी तो शब्द पलटणींच्या नावातून काढला.

फौजी_कपाट:

मुकुटाचं कोणीच नीट बोललं नाही अजून, सगळे त्यावरूनच तर काळ सांगतात ना? व्हिक्टोरिया असेल तर कमानी मधे खाली दबलेल्या, राजा असेल तर फुगीर घुमटासारख्या, माझं तर सगळं वर्गीकरण ह्याच्यावर आहे.

बक्कलवाले_काका:

मुकुटावर एकट्यावर जाऊ नका. १९०१ ते १९५२ चा फुगीर मुकुट आणि १९५३ नंतरचा एलिझाबेथचा मधे दबलेला मुकुट हा फरक बरोबर, पण व्हिक्टोरियाच्या काळातला पण मधे दबलेलाच दिसतो, त्यामुळे १८८० चं आणि १९६० चं ह्यात गोंधळ होतोच होतो. आता २०२२ पासून चार्ल्सने परत फुगीर ट्यूडर मुकुट घेतलाय, म्हणजे अजून काही वर्षांनी नवे लोक त्यालाही पंचम जॉर्जचं म्हणून विकतील. राजाची आद्याक्षरं कोरलेली असतील तर ती जास्त भरवशाची, व्ही आर, जी व्ही आर, ई दोन आर वगैरे. नाहीतर धातू बघा. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम असेल, तो हलका चकचकीत स्टेब्राइट प्रकार, तर मुकुट कसाही दिसो ते दुसऱ्या महायुद्धानंतरचंच.

दोन_नळी:

आणि मुकुट नसलेलंही बरंच असतं. पहिल्या महायुद्धातल्या १९१४ पॅटर्नच्या चामडी पट्ट्याला नुसता सापाचा आकडा आहे, एस आकाराचा, त्यावर काहीही लिहिलेलं नाही. फौज एवढ्या झपाट्याने वाढली की १९०८ पॅटर्नचं विणलेलं वेबिंग पुरेना, म्हणून हा चामड्याचा साज काढला. पण निव्वळ सापाचा आकडा बघून मिलिटरी म्हणू नका, तसलेच आकडे शाळकरी पोरांच्या पट्ट्यांना आणि खेळाच्या पट्ट्यांना पण असायचे. चामड्याची रुंदी आणि मागची सरकवायची पितळी बक्कलं आहेत का ते बघा. ती असतील तरच पुढे विचार करायचा.

कोल्हापुरी_शिवण:

थोडं अवांतर होतंय पण विचारून घेते, गॉट मिट उन्स (देव आमच्याबरोबर) असं जर्मनमधे लिहिलेलं बक्कल म्हणजे नाझीच का? घरात ठेवायला भाऊ नको म्हणतोय.

दोन_नळी:

नाही ताई, तसं सरसकट नाही. ते ब्रीद जर्मनीतल्या प्रशिया राज्याचं, हिटलरच्या कितीतरी आधीपासूनचं. मधे मुकुट असेल तर कैसरच्या काळातलं, पितळेचं असेल तर बहुतेक १९१५ च्या आधीचं, नंतर पितळ वाचवायला पोलादाची करून राखाडी-हिरवा रंग द्यायला लागले. आणि तेव्हा सगळ्या जर्मनीचं एक ब्रीद पण नव्हतं, बव्हेरियाचं इन ट्रॉइ फेस्ट होतं, सॅक्सनीचं लॅटिनमधे, वुर्टेम्बर्गचं वेगळंच. गरुडाच्या पायाखाली स्वस्तिक असेल तर ते १९३३ नंतरच्या फौजेचं. तसलं घ्यायचं असेल तर आधी दहा खरी बघून या कारण ह्या भागात नकली माल खऱ्यापेक्षा जास्त आहे, एसएस म्हणजे नाझींच्या खास दलाच्या बक्कलांचं तर विचारूच नका, मी बघतच नाही.

घोड्याचा_नाल:

कड्याची अक्षरं भिंगातून बघितली. काका म्हणाले तस्संच आहे, एस आणि आर च्या पोटात भोकं आहेत आणि पिवळा रंग सगळीकडे सारखा. चकतीवर मात्र उंचवटे झिजलेत आणि खाचेत जुनं सोनं आहे. म्हणजे अर्धं खरं.

आणि पहिल्याचा ठसा दिवसा उजेडात लागला! डी ई व्ही असं दिसतंय, आधी १ का २ ते कळत नाही. डेव्हनशायरच ना? काकांनी उदाहरण म्हणून सहज डेव्हनशायर लिहिलं होतं, हसूच आलं.

आता दोन प्रश्न. चकतीसाठी खरं कडं शोधत बसू का आहे तशीच ठेवू? आणि पहिल्या पट्ट्याच्या पितळेला जिथे चामडं लागतं तिथे हिरवा मेणचट थर आलाय, पॉलिश मारू का?

फौजी_कपाट:

मार की, बफिंग व्हीलवर धर, आरसा होतो. माझी सगळी चमकतात.

बक्कलवाले_काका:

ऐकू नका त्याचं. व्हीलवर धरलं की ठप्प्याच्या कडा जातात आणि मग तुमचं खरं लॉकेट आणि ओतलेली नक्कल ह्यात पुढच्या माणसाला फरकच सांगता येणार नाही. आणि पॉलिशची पांढरी पूड सांध्यात अडकून राहते ती राहतेच.

हिरवा थर म्हणजे चामड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं ह्यांचं झालेलं मिश्रण. लाकडी टूथपिकने हळूहळू खरवडा, उरलेलं व्हाइट स्पिरिटमधे भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा, स्पिरिट चामड्याला लागू देऊ नका. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. चामड्याला तेल पाजू नका, तेल जेवढं जास्त तेवढा हा हिरवा थर परत लवकर येतो. चामडं लालसर भुकटी होऊन हाताला लागत असेल तर मात्र तेलाने काही होणार नाही, तो रेड रॉट, तसा पट्टा वाकवायचाच नाही, सपाट ठेवायचा.

डी ई व्ही म्हणजे डेव्हनच समजायला हरकत नाही. आकडा १ की २ कळत नसेल तर खाली नुसतं डेव्हनशायर रेजिमेंट लिहा, बटालियन मोकळी सोडा. ठशाचा फोटो आडव्या उजेडात काढून ठेवा.

आणि चकती तशीच ठेवा, नकली कडं काढून बाजूला. जोडून ठेवलं तर उद्या तुमच्याकडून जो घेईल तो अख्खं ६६ वीचं म्हणून पुढे खपवेल. खरं कडं मिळालं तर उत्तम, पण त्याच्या मागे १२ असेल तरच ते ह्या चकतीचं, नाहीतर मग परत जोडीच जमवल्यासारखं.

रिसालदार_नातू:

आणि ठेवताना पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात नको, त्यातून निघणाऱ्या वाफेने पितळ चिकट हिरवं होतं. आम्लरहित कागदात गुंडाळा, पट्टा वेगळा, सुटं बक्कल वेगळं.

घोड्याचा_नाल:

ठीक, मेण मागवलंय. फोटोचा साइज कमी करून ठशाचा टाकतो उद्या, १ का २ ते तुम्हीच बघून सांगा.